चौसष्टची पट्टी

सुमनआत्याचा कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो आधीच कुणीतरी वापरून झालेला होता. श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांनी नवा घेतला आणि जुना आत्याने आणला, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या बाकावर, गोधडीत गुंडाळून. बेलापूरच्या आमच्या घराला पुढे पत्र्याची एक खोली होती. तिथे पूर्वी दादांची सायकल आणि कांद्याच्या गोण्या असत. त्या आत सरकवल्या गेल्या आणि भिंतीशी लोखंडी टेबलावर तो बसला. त्याच्या शेजारी आत्याचं मराठी टाइपरायटर होतंच. आई म्हणायची, आधी एक टकटक करणारं होतं, आता एक गुरगुरणारं आलं. ते खरंच गुरगुरायचं. त्याच्या पंख्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि प्रिंटर चालू झाला की भाकरी थापताना आई मोठ्याने बोलायची.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिला श्रीगोंद्याकडे दिलेली होती. दोन वर्षांनी ती परत आली, एका ट्रंकेसह, आणि मग कधीच गेली नाही. का आली हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी न विचारण्याची रीत होती आणि ती मला अजूनही फारशी वाईट वाटत नाही. आल्यावर तिने श्रीरामपूरला जाऊन टायपिंगच्या परीक्षा दिल्या. गावातले अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे ठराव, लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर हे सगळं तिच्याकडे यायचं. ती उंच होती, पाठ ताठ ठेवून बसायची, आणि टाइप करताना कागदाकडे बघायची, बोटांकडे नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला किंवा मराठी अक्षरं तुटक उमटायला लागली तर ती स्वतःच दुरुस्त करायची. श्रीरामपूरच्या दुरुस्तीवाल्या दिलीपभाऊंना मराठी फाँटचं काही अडलं तर ते गिऱ्हाईक आत्याकडे पाठवत. ते तिला मॅडम म्हणत. आमच्या गावात तेव्हा मॅडम फक्त शाळेतल्या बाईंना म्हणायचे.

मी तेव्हा नगरला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडून अजून नगरच येतं. घरातून एवढं लांब शिकायला गेलेली मी पहिलीच. सुट्टीत आले की शेजारच्या बायका मला टीव्हीचं चित्र का हलतं ते विचारायच्या आणि मी काहीतरी सांगायचे. खरं सांगायचं तर वर्गात उघडलेला कॉम्प्युटर एकच होता आणि त्याच्याभोवती मुलं उभी राहत. आम्ही चौघी मुली मागे. सरांनी कुठला भाग काढला, कुठला बसवला, ते मी लोकांच्या खांद्यांमधून पाहिलेलं होतं. हात कशालाच लावलेला नव्हता. वही मात्र माझी सगळ्यांत चांगली होती, आकृत्यांसकट.

त्या वर्षी आत्याकडे साबळे गुरुजींचं काम होतं. गुरुजींनी तिला चौथीला शिकवलेलं. निवृत्त झाल्यापासून ते शेतीतले जुने शब्द गोळा करत होते. मोट गेली, विहिरीवर इंजिन आलं, मग मोटर आली, आणि मोटेबरोबरचे नाडा, सौंदर, थारोळं हे शब्दही गेले, असं ते म्हणायचे. राहुरीपासून नेवाशापर्यंत म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांनी ते लिहून घेतले होते, सोडवलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर. असे कागद दोन पिशव्या भरून होते. आत्याने ते वर्षभर टाइप केले. गुरुजींना काचबिंदू होता. नजर कडांकडून आकसत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांची इच्छा एवढीच होती की छापायला जाण्याआधी सगळं पुस्तक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून तपासावं. त्यासाठी अक्षर खूप मोठं हवं होतं, एका पानावर सातआठ ओळी मावतील एवढं.

इथेच अडलं. आत्याने सगळ्या मजकुराचं अक्षर मोठं करायला घेतलं की कॉम्प्युटर थांबायचा. पडद्यावर तो वाळूचं घड्याळ दाखवायचा आणि आत्या तोवर शेंगा निवडून घ्यायची. परत येऊन पाहावं तर तो तसाच. मग बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याची मेमरी बत्तीस एमबीची होती. मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा आत्याने मला हे सांगितलं, आणि मी पाट्यावरची चटणी भाकरीवर घेत अगदी सहज म्हणाले की चौसष्टची एक पट्टी बसवली की काम होईल, पाच मिनिटांचं काम आहे, मी करते. दादा घास थांबवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला फार आवडलं होतं. आत्याने दिलीपभाऊंना बोलवू का, असं एकदा विचारलं. मी नको म्हणाले.

पट्टी मी त्याच सुट्टीत एक दिवस जाऊन नगरहून आणली. टीचभर लांब, हिरवी, त्यावर काळे चौकोन, खालच्या कडेला सोनेरी दात. दुकानदाराने ती चंदेरी पिशवीत घालून दिली होती. दुपारची वेळ होती, आत्या पत्रिकेचा मजकूर पोचवायला पेठेत गेली होती, आई आणि दादा रानात. आत्या येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण ती आल्यावर सगळं झालेलं असावं, चालू करून दाखवावं, असं माझ्या मनात होतं. मी झाकण काढलं. आत इतकी धूळ होती की वहीतल्या आकृतीशी काहीच जुळेना. बत्तीसची पट्टी दिसली, तिच्या शेजारी रिकामी खाच दिसली. नवी पट्टी धरून दाबली तर ती जाईना. सर म्हणाले होते की थोडा जोर लावावा लागतो. मी लावला. मग उभी राहून दोन्ही अंगठ्यांनी लावला. काडकन आवाज आला आणि पट्टी आत बसली. पट्टी धरून ठेवणारा एका बाजूचा पांढरा चाप तुटून खाली पडला, तो मी उचलून ओढणीच्या टोकाला बांधला. वाटलं, चाप नसला तरी चालेल.

बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मग जळका वास आला, आधी धुळीसारखा आणि मग वायर जळाल्यासारखा, आणि पंखाही थांबला.

पट्टी उपसेना, ती तशीच आत ठेवून मी झाकण लावलं, सगळे स्क्रू बसवले, टेबल पुसलं आणि दार उघडून वास जाऊ दिला. आत्या आली तेव्हा मी ओट्यावर बसले होते. मी तिला सांगितलं की पट्टी बसवायच्या आधीच, नुसता चालू केला तर व्होल्टेज वाढलं आणि तो बंद पडला. आमच्याकडे व्होल्टेज तसं कमीजास्त व्हायचंच, बल्ब उडायचे, त्यामुळे ते कुणालाही पटण्यासारखं होतं. आत्या आत गेली, मशीनजवळ थोडा वेळ उभी राहिली, बाहेर आली आणि म्हणाली की उद्या श्रीरामपूरला न्यावा लागेल, तूही चल, उचलायला दोघी लागू. त्या संध्याकाळी आईने शेंगोळे केले होते, मला आवडतात म्हणून. मी ते खाल्ले. चव बरोबर लागत होती, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

दिलीपभाऊंचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता आणि आम्ही दोघी तो डबा मांड्यांवर घेऊन जीपमध्ये बसलो होतो. दुकानात तीनचार माणसं होती. भाऊंनी झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि पट्टी उपसली. मग त्यांनी ती पट्टी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि खाचेकडे बोट दाखवलं.

"ही पट्टी उलटी घातलीय," ते म्हणाले, "आणि जोर लावून घातलीय. मधला दांडा मोडलाय, बोर्ड जळालाय. कुणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली.

"मीच घातली."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून असं व्हायला नको होतं. कळत न्हाई तिथं हात कशाला घालायचा?"

बाकावर बसलेला एक माणूस हसला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त विचारलं की टाइप केलेलं सगळं आत शाबूत आहे का. भाऊंनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. गुरुजींचे शब्द सगळे होते. बोर्ड मात्र जुन्या प्रकारचा, तो शोधावा लागणार, मागवावा लागणार, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आत्याने मान हलवली आणि आम्ही निघालो.

जीपने आम्ही बेलापूरला परत आलो. स्टँडवर उतरून घराकडे चालायला लागल्यावर मी म्हणाले की आत्या, ते मी. तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"मला माहीत हाय. व्होल्टेजनी चाप मोडत न्हाई. तू तो ओढणीला बांधून हिंडतीयस."

मी ओढणीकडे पाहिलं. गाठ तशीच होती.

मग तू का सांगितलंस, असं मी विचारलं. ती चालतच होती. ती म्हणाली, "चार माणसांत तुझं नाव निघालं असतं तर तू पुन्हा कुठल्या मशीनला हात लावला नसता. माझं ठीक हाय, लोकांचं मला लई बोलून झालंय. पण बोर्ड आला की पट्टी तूच बसवायची."

घरी कुणाला सांगायचं की नाही हे तिने माझ्यावर सोडलं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही. दादा माझ्याकडे त्या जेवणाच्या वेळी जसे बघत होते ते मला गमवायचं नव्हतं. हे आज लिहिताना मला त्याचं समर्थनही करावंसं वाटत नाही आणि त्या मुलीला फार बोलावंसंही वाटत नाही. ती एकोणीस वर्षांची होती आणि भ्यालेली होती.

बोर्ड यायला सहा आठवडे गेले. मी नगरला परत गेले होते. आत्या तेवढ्यात टाइपरायटरवर अर्ज आणि पत्रिका करत होती, कारण लग्नसराई सुरू झाली होती आणि ते काम हातचं सोडता येत नव्हतं. गुरुजी दर दोनतीन दिवसांनी काठी टेकत यायचे, ओट्याशी उभे राहून विचारायचे. आत्या सांगायची, मशीन बिघडलंय, भाग यायचाय. ते ऐकून घ्यायचे आणि जायचे. बोर्ड आल्याचा निरोप मिळाला तसा मी रविवारी घरी आले. भाऊंनी बोर्ड बसवून दिला होता, दुसरी घेतलेली नवी पट्टी मात्र आत्याने पिशवीतच ठेवून आणली होती. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली. मी पट्टी हातात घेऊन पहिल्यांदा नीट पाहिली. खालच्या कडेला दोन खाचा होत्या, पण मधोमध नव्हत्या, एका अंगाला सरकलेल्या होत्या. बोर्डावरच्या लांब खाचेत त्याच अंतरावर दोन बारके दांडे होते. ते एकमेकांत बसतील अशी धरली की पट्टी एकाच बाजूने जाऊ शकत होती. मी ती तशी धरली आणि दाबली. दोन्ही बाजूंचे चाप आपोआप वर येऊन लागले. एवढंच होतं ते.

चालू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळायला लागले. पूर्वी ते बत्तीस हजारांच्या थोडं पुढे थांबायचे. या वेळी ते पळतच राहिले आणि शहाण्णव हजारांच्या पुढे जाऊन थांबले. आत्याने लगेच फाइल उघडली, सगळा मजकूर निवडला आणि अक्षर मोठं केलं. वाळूचं घड्याळ आलं आणि गेलं. पानं वाढत गेली. तिने मला चहा ठेवायला सांगितला आणि प्रिंटर सुरू केला. तो दोन दिवस चालला.

गुरुजी ते कागद घेऊन आमच्याच ओट्यावर उन्हात बसायचे, कारण त्यांना भरपूर उजेड लागायचा. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, बोट फिरवत, एकेक शब्द. चूक सापडली की मोठ्याने सांगायचे आणि आत्या आतून दुरुस्त करायची. ते अ पासून सुरू झाले. प झाला, फ झाला, ब झाला. भ च्या शेवटच्या पानांवर ते फार हळू झाले. एक दिवस त्यांनी कागद खाली ठेवले आणि म्हणाले की आता अक्षराच्या जागी नुसतं धुकं दिसतंय. पुढे म होता. मोट या शब्दाखाली त्यांनी सगळ्यांत जास्त लिहिलेलं होतं, दोन पानं. ती आणि त्यापुढचं सगळं मी त्यांना दर रविवारी येऊन वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकायचे. ते सहा आठवडे वाया गेले नसते तर त्यांनी शेवटपर्यंत वाचलं असतं का, हे सांगता येत नाही. कदाचित असतं. डॉक्टरही सांगू शकले नसते, आणि मी कुणाला विचारलं नाही.

पुस्तक निघालं. पातळसं, जाड कव्हराचं, मुखपृष्ठावर मोटेचं चित्र. सुरुवातीला गुरुजींनी छापखान्यात सांगून लिहून घेतलेलं मनोगत होतं. त्यात शब्द देणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं होती, छापणाऱ्यांचं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांचं होतं, वाचून दाखवलं म्हणून माझंही होतं. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा शोधलं. आत्याने एकदाच वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. राहून गेलं असेल, असं दादा म्हणाले.

डिप्लोमा पूर्ण झाल्यावर मला नोकरी लागली आणि जायच्या आधी मी श्रीरामपूरला दिलीपभाऊंकडे गेले. ती पट्टी आत्याने नाही, मी उलटी घातली होती, असं त्यांना सांगितलं. ते कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. त्यांना काही आठवेना. रोज कुणी ना कुणी काहीतरी जाळून आणतं, ते म्हणाले, आणि सुमन मॅडमना नमस्कार सांगा म्हणाले. मी हलकी होऊन घरी आले आणि आत्याला सांगितलं. ती परातीत बाजरी निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"त्याचं काय नुकसान झालं हुतं? त्याला सांगून काय उपयोग? गुरुजींना सांगितलंस का?"

मी त्याच दुपारी गेले. गुरुजींचं घर प्रवरेच्या अंगाला होतं. ते अंगणात बाजेवर बसले होते आणि माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं, पट्टी, व्होल्टेज, दुकान, आत्याने स्वतःवर घेतलेलं. त्यांचे हात काठीच्या मुठीवर होते.

"मी यायचो तेव्हा आतून टाइपरायटरची टकटक ऐकू यायची," ते म्हणाले. "मला वाटलं, लोकांच्या पत्रिका चालल्यात आणि माझं काम मागं ठेवलंय. मशीन बिघडलंय हे मला खरं वाटलं न्हाई. म्हणून तिचं नाव घातलं न्हाई मी."

मग त्यांनी मला आत जाऊन पुस्तकांचे गठ्ठे आणायला सांगितलं. शंभराच्या वर प्रती शिल्लक होत्या. मनोगताच्या शेवटी थोडी मोकळी जागा होती. त्यांनी एक ओळ सांगितली: हे पुस्तक आमच्या विद्यार्थिनी सुमन यांनी वर्षभर खपून टाइप केले, त्यांचे नाव छापण्यास मी चुकलो. चूक तुमची नाही, माझी आहे, तसं लिहू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नको, माझं पुस्तक आहे, माझी चूक मला लिहू दे, तुझं तू बघ. त्या ओळी मी निळ्या शाईने लिहिल्या, त्यांच्या अंगणात बसून, चार दुपारी. प्रत्येक प्रत झाली की ते बोटाने शाई वाळली का ते पाहायचे. पाचव्या दिवशी ते मला हात धरायला लावून आमच्या घरी आले आणि एक प्रत आत्याच्या हातात दिली. तिने उघडून वाचली, त्यांना बसायला खुर्ची दिली, आणि मला दळण आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा ते दोघं उसाच्या भावाबद्दल बोलत होते.

त्याच दिवशी जेवताना मी दादांना आणि आईलाही सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि भाकरी मोडत राहिले. नंतर हात धुताना त्यांनी एवढंच विचारलं की आता नीट बसवता येते का. मी हो म्हणाले.

आजही कधी कुणाकडे, श्रीरामपूरला, राहुरीला, एखाद्या शाळेच्या कपाटात ते पुस्तक दिसतं. मी मनोगताचं पान उघडून बघते. काहींत निळी ओळ असते. माझ्याकडची प्रत मात्र आधी निघालेल्यांतली आहे, तिच्यात ती ओळ नाही. लिहायला काही हरकत नव्हती, शाई होती, पेन होतं. पण त्या ओळीत चूक गुरुजींनी स्वतःची लिहिली होती, माझी नाही, म्हणून मी माझी प्रत तशीच ठेवली आहे.